जुन्या संगणकावर नवा खेळ

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. संगणकाशी माझा संबंध प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता आणि गुण भरण्यापुरता. खेळांच्या बाबतीत तर बुद्धिबळाच्या पलीकडे माझी मजल कधी गेली नाही. तरीही आज या विषयावर बोलायला बसलो आहे, याचे कारण घरचे आहे आणि थोडे पैशाचेही आहे.

आमच्याकडचा संगणक २०१४ साली घेतलेला. चिरंजीव तेव्हा पहिलीत होते. २०२४ साली ते अकरावीत गेले आणि दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी त्यांनी विषय काढला, "बाबा, नवीन पीसी लागेल. ह्याच्यावर काहीच चालत नाही." मी संगणक उचलून दुकानात नेला. दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितले, "सर, दहा वर्षं झाली. भंगारात द्या. नवा बहात्तर हजारांत बसेल." मी तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस. आमचे मानधन तासांवर मोजले जाते आणि सत्र संपल्यावर, कधी पुढचे सत्र निम्मे सरल्यावर, हातात पडते. आकडा ऐकून मी संगणक पुन्हा रिक्षात घातला.

घरी आल्यावर मी जरा चिडूनच म्हणालो, "खेळायलाच हवाय ना? मग राहू दे." चिरंजीव काही बोलले नाहीत. बोलली ती त्यांची आई. दहावीनंतर याचे तीन मित्र तीन गावी गेले; एक लातूरला, एक पुण्याला, एक नाशिकला. ते तिघे रात्री साडेनऊला एका खेळात भेटतात. खेळ पाच जणांच्या संघाचा. हे चौघे, आणि पाचवा कोणी परका. खेळता खेळता हेडफोनवरून दिवसभराच्या गप्पा होतात. आमच्या मुलाचे यंत्र मध्येच अडते, तो हरतो, त्याच्यामुळे बाकीचेही हरतात, आणि हळूहळू त्यांनी त्याला बोलावणे कमी केले होते. आमच्या लहानपणी गावात वडाचा पार होता. तिथे ज्याला जागा नसे त्याचे काय होई, हे मला कोणी सांगायला नको होते.

या खेळाचे नाव व्हॅलोरंट. २०२० साली निघालेला, फुकट मिळणारा. तो साध्या यंत्रावरही चालावा अशाच बेताने बनवलेला आहे. कंपनीने किमान यंत्राची जी यादी दिली होती, तिच्यात २००८ सालचा एक प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि इंटेलचे एचडी ४००० हे २०१२ सालचे ग्राफिक्स, एवढ्यावर भागेल असे म्हटले होते. आमच्या यंत्रात चौथ्या पिढीचा आय-५ आणि एचडी ४६००. म्हणजे कागदावर पाहिले तर आमचे यंत्र अटीपेक्षा सरस. मग घोडे अडते कुठे?

हे समजण्यासाठी संगणक खेळाचे चित्र कसे काढतो ते आधी पाहू. लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. मागे कोठीघर असते, तिथे सगळा शिधा साठवलेला. ही आपली हार्ड डिस्क. कोठीतून काढलेला जिन्नस लगेच हाताशी यावा म्हणून जो ओट्यावर ठेवतात, तो ओटा म्हणजे रॅम. आचारी म्हणजे प्रोसेसर. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडले की नाही, हे सारे तो ठरवतो. आणि वाढपी म्हणजे ग्राफिक्सचा भाग. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हे एक पान समजा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर अशी २०,७३,६०० पाने मांडलेली असतात. ती सगळी वाढून झाली की एक पंगत उठली, म्हणजे एक चित्र, एक फ्रेम पुरी झाली. लगेच दुसरी पंगत. सिनेमाचे काम सेकंदाला २४ चित्रांत भागते. खेळात मात्र ६० असली तर हात आणि डोळा यांचा मेळ बसतो. सेकंदाला साठ पंगती! एका पंगतीला मिळणारा वेळ एका सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १६.७ मिलिसेकंद. ३० चित्रांवर समाधान मानले तर ३३.३ मिलिसेकंद.

आता पंगत रेंगाळली तर दोष कुणाचा? वाढपी कमी पडले असतील, आचारी मंद असेल, ओटा अपुरा असेल, नाही तर कोठीची किल्ली सापडत नसेल. आचारी खोळंबला असताना दहा वाढपी आणखी बोलावले तर ते नुसते उभे राहतील. खेळासाठी पैसे खर्च करणारे बहुतेक लोक नेमके हेच करतात. दुकानदाराचा सल्ला तर सगळे लग्नघरच नवे बांधा असा होता.

तेव्हा आधी पाहायचे, मग खर्चायचे. पाहणे फुकट असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. खेळ चालू असताना तो पाहिला, तर आमच्याकडे रॅम काठोकाठ भरलेली आणि हार्ड डिस्क शंभर टक्के कामात. उष्णता दाखवणारा एक फुकट प्रोग्रॅम उतरवून घेतला, त्यात प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे. दोष असे एकदम तीन निघाले, आणि ग्राफिक्सचा नंबर त्यांच्यानंतर होता.

उष्णतेपासून सुरुवात केली, कारण तिला खर्च सर्वांत कमी. प्रोसेसर फार तापला की स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी आपणहून वेग उतरवतो. खेळ सुरू केल्यावर दहा मिनिटे ठीक चालतो आणि मग रडू लागतो, अशी तक्रार असेल तर संशय इथेच घ्यावा. वीज बंद करून, वायर काढून, आम्ही झाकण उघडले. पंख्याखालच्या पत्र्यांत दहा वर्षांची धूळ बसून तिचा नमदा झाला होता. रंगाचा कोरा ब्रश घेऊन, पंख्याची पाती बोटाने धरून, ती गच्चीत झाडली. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारे एक मलम असते, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. ते वाळून खडू झाले होते. जुने पुसून मसुराच्या दाण्याएवढा नवा ठिपका ठेवला. नळीला दीडशे रुपये पडले. उष्णता सत्तरीच्या आत आली. माझे काही विद्यार्थी वसतिगृहात लॅपटॉप गादीवर ठेवून खेळतात आणि तो तापतो म्हणून कुरकुरतात. गादीने खालची हवेची जाळी बंद होते, दुसरे काय होणार! टेबलावर ठेवून मागची कड एखाद्या पुस्तकाने उचलावी आणि चार्जर लावून खेळावे. बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दामच हळू चालतात.

मग रॅम. आमच्यात ४ जीबीची एकच पट्टी होती. तशीच दुसरी, डीडीआर-३ जातीची, सेकंडहँड पाचशे रुपयांत मिळाली. इथे एक गंमत आहे, ती नीट ऐका. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे वाढप्यांना स्वतःचा ओटा नसतो. आचारी आणि वाढपी एकाच ओट्याशी झोंबतात. एक पट्टी असली तर ओट्याला एकच वाट. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन वाटा होतात. १६०० वेगाच्या डीडीआर-३ ची एक वाट सेकंदाला १२.८ जीबी वाहते, दोन मिळून २५.६. म्हणून ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन पट्ट्या अशा यंत्राला जास्त मानवतात. योग्य खाचा बहुधा एका रंगाच्या असतात. नसल्या तर मदरबोर्डची पुस्तिका पाहावी. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-३ च्या खाचेत बसत नाही. तेव्हा जोर लावू नये, परत करावी.

तिसरी गोष्ट हार्ड डिस्क. जुन्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि एक दांडी पुढेमागे सरकून मजकूर शोधते. एका शोधाला सरासरी दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. एका चित्राला आपल्याजवळ १६.७ मिलिसेकंद आहेत हे आठवा, म्हणजे मध्येच चित्र का थबकते ते कळेल. एसएसडीत फिरणारे काही नसते. तिथे शोध मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात लागतो. २४० जीबीची एसएसडी आम्हाला सतराशेला पडली. अपेक्षा मात्र माफक ठेवावी. एसएसडीने खेळ लवकर उघडतो आणि मधले झटके जातात. सेकंदाला पडणारी चित्रे तिच्यामुळे फारशी वाढत नाहीत.

एकूण खर्च दोन हजार साडेतीनशे. व्हॅलोरंट आमच्या त्याच यंत्रावर पन्नाशी-साठीत चालू लागला. त्या रात्री साडेदहाला आत बोलावूनही चिरंजीव उठेनात, तेव्हा मी काही बोललो नाही.

इथवर दुरुस्ती झाली. पुढचा भाग सेटिंगचा, आणि त्याला दमडीही लागत नाही. आधी एक कसोटी करावी. खेळाचे रिझोल्यूशन, म्हणजे पानांची संख्या, १२८० गुणिले ७२० वर आणावी. आता पाने ९,२१,६०० उरतात, निम्म्याहूनही कमी. चित्रांचा आकडा एकदम वाढला तर कमी वाढप्यांची होती, ग्राफिक्स अपुरे आहे. आकडा हललाच नाही तर आचारी थकला आहे. मग ग्राफिक्स कार्डावर पैसे टाकणे व्यर्थ. ही कसोटी मला फार आवडते. अर्थशास्त्रात इतकी सरळ कसोटी आम्हाला क्वचित मिळते.

वाढपी कमी असतील तर सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबे आणि धुके यांच्या सेटिंगला आधी हात घालावा; खर्च सर्वांत जास्त त्यांचा, आणि ती उतरवल्याचे पळापळीत कुणाच्या लक्षातही येत नाही. टेक्स्चर म्हणून जे असते, म्हणजे भिंतीची, कापडाची वीण, तिला मुख्यतः ग्राफिक्सची स्मृती लागते. ती पुरेशी असेल तर टेक्स्चर उगाच उतरवून चित्र भिकार करू नये. आचारी थकला असेल तर गर्दी, रहदारी आणि दूरवर दिसणाऱ्या वस्तू यांची सेटिंग कमी करावीत. आणि आकडा कधी ५५, कधी २५ असा उड्या मारत असेल तर सरळ ३० ची मर्यादा घालावी. सारखा ताल डोळ्याला सोसतो, चुकणारा सोसत नाही. तबला ऐकणाऱ्याला हे सांगायला नको.

आणखी एक युक्ती २०२१ च्या जूनमध्ये एएमडी कंपनीने आणली, तिचे नाव एफएसआर. खेळाने चित्र लहान काढायचे आणि मग हिशेबाने ते मोठे करून पडद्यावर टाकायचे. हिचे मोल असे की ती जुन्या कार्डांवर आणि दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. मोठ्या पडद्यावर ती छान दिसते. पण मुळात लहान पडद्यावर चित्र आणखी लहान काढून वाढवले तर सगळे चेहरे पावसात भिजल्यासारखे दिसतात; मला तरी ते पाहवत नाही.

पडद्यावरून आठवले. आमचा जुना मॉनिटर १३६६ गुणिले ७६८ चा, म्हणजे साडेदहा लाख पानांचा. दुकानदाराने नव्या यंत्राबरोबर मोठा मॉनिटर सुचवला होता. तो नुसताच आणून जुन्या यंत्राला लावला असता तर पाने दुप्पट झाली असती आणि पैसे देऊन वेग निम्म्याच्या जवळ आणल्याचे श्रेय पदरी पडले असते. जुने यंत्र आणि जुना पडदा यांची जोडी सहसा मोडू नये.

अडण्याचा एक प्रकार संगणकाचा मुळी नसतोच. तो इंटरनेटचा असतो, आणि मुले दोहोंनाही 'लॅग' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. चित्र गुळगुळीत सरकते पण शत्रू एकदम उडी मारून दुसरीकडे दिसतो, तर तो दोष तारेचा. वायफाय सोडून केबल लावून पाहावी, घरात कोणी सिनेमा उतरवीत असेल तर त्याला विनवावे. संगणकावर खर्च करून हा आजार बरा होत नाही.

आता ग्राफिक्स कार्डाविषयी. मुलाची भूक वाढली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात, परीक्षेच्या कामासाठी मुंबईस गेलो असता, लॅमिंग्टन रोडवर मी चौकशी केली. इथे पाहायचा मुद्दा विजेचा. संगणकातल्या वीज पुरवणाऱ्या पेटीला आपल्याकडे एसएमपीएस म्हणतात. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांत ती बेताच्या ताकदीची असते. मोठे कार्ड आणले तर पेटीही नवी हवी, कधी डबाही नवा. नाकापेक्षा मोती जड व्हायचा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॉट मिळतात. तेवढ्यात भागवणारी कार्डे आहेत. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय हे त्यांतले गाजलेले. त्याच्या बऱ्याच नमुन्यांना वेगळी वायर लागत नाही. आम्ही तेच घेतले, साडेचार हजारांना, दुकानात अर्धा तास चालवून पाहून. लहान, अरुंद डबा असेल तर कमी उंचीचे कार्ड मागावे लागते.

नावावर मात्र विसंबू नये. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर-५ स्मृती घेऊन आले. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर-४ चा नमुना निघाला. पहिल्याची स्मृती सेकंदाला ४८ जीबी वाहते, दुसऱ्याची १६.८. पेटीवर मोठ्या अक्षरांत नाव एकच. शिवाय जुन्या कार्डाला आतून नव्याचे नाव चिकटवून विकणारेही आहेत. कार्डाचे खरे पोट दाखवणारा जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. विक्रेत्यासमोर तो चालवावा. प्रामाणिक माणूस नाही म्हणत नाही.

इतके करूनही काही भिंती ओलांडता येत नाहीत, आणि मुलाला त्या आधीच सांगाव्यात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या खेळाला आणि मे २०२५ च्या डूमला, प्रकाशकिरणांचा हिशेब करणारी सोय कार्डातच असावी लागते. ती नसेल तर खेळ हळू चालतो असे नाही; सुरूच होत नाही. स्टारफील्डला एसएसडी आणि १६ जीबी रॅम ही किमान अट. कधी भिंत अचानक उभी राहते. काउंटर-स्ट्राइकचा जुना अवतार सप्टेंबर २०२३ मध्ये काढून त्या जागी नवा ठेवला गेला, तेव्हा वर्षानुवर्षे साध्या यंत्रावर तो खेळणारे कितीजण एका रात्रीत बाहेर पडले. त्यांचे यंत्र काल होते तसेच आजही होते. विंडोज ७ आणि ८ वर स्टीम या दुकानाने १ जानेवारी २०२४ पासून हात काढून घेतला. विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि आमच्यासारख्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. लिनक्सचा मार्ग आहे. २०१८ पासून प्रोटॉन नावाच्या सोयीमुळे विंडोजचे पुष्कळ खेळ तिथे चालतात. पण व्हॅलोरंट चालत नाही, कारण त्याचा फसवणूक पकडणारा पहारेकरी तिथे पाऊलच ठेवत नाही. आमच्या घरी म्हणूनच तो प्रश्न मी लांबणीवर टाकला आहे. हे फारसे शहाणपणाचे नाही, याची मला जाणीव आहे.

ज्याला खेळायचे आहे आणि खर्चायचे नाही, त्याने थोडे मागून चालावे. खेळ निघाल्यावर चार-पाच वर्षांनी त्यातल्या चुका सुधारलेल्या असतात आणि स्टीमच्या सेलमध्ये किंमत खूप उतरलेली असते. विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देते. आपल्या यंत्रावर चालतो की नाही हे पाहायला दोन तास पुष्कळ झाले. एपिकचे दुकान २०१८ च्या डिसेंबरापासून ठरावीक दिवसांनी एखादा खेळ फुकट वाटते आहे. तेव्हा पेनड्राइव्हवरून आलेले चोरीचे खेळ घरात घेण्याची गरज उरत नाही. त्यांच्याबरोबर कधी असा पाहुणा येतो की जो तुमच्या यंत्रावर गुपचूप दुसऱ्यासाठी आभासी नाणी पाडत बसतो, आणि तुम्ही म्हणता यंत्र म्हातारे झाले.

शिवाय सगळेच चांगले खेळ जड नसतात. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ २०१६ साली एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला. आमच्या यंत्राला तो हवेसारखा हलका. हॉलो नाइट हा २०१७ चा खेळ ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या मूठभर मंडळींचा, हाताने काढलेल्या चित्रांचा. आणि २०२० साली आलेला 'राजी' हा तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट, राजस्थानी धर्तीचे वाडे, मागे छायाबाहुल्यांचा खेळ. हा एवढा एक मी शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला.

इंडियाना जोन्स आमच्याकडे चालणार नाही, हे चिरंजीवांनी ऐकून घेतले. नाशिकचा मित्र सुट्टीत गावी येतो तेव्हा त्याचा नवा लॅपटॉप बरोबर असतो. तेवढ्यापुरते हे त्याच्या घरी जातात. जाताना माऊस मात्र स्वतःचा नेतात.